माळाच्या उतारावर माउंटन बाइकची वाट कशी काढावी

२०२० च्या कोरोना टाळेबंदीत गावाकडे अडकलेल्या आणि घरात जाड टायरची सायकल उभी असलेल्या सगळ्यांसाठी हे लिहिलं. पुण्यात १३ जुलैपासून पुन्हा सगळं बंद झालं होतं, म्हणजे आमच्यासारखे बरेच जण आणखी काही दिवस गावीच राहणार होते. मार्चमध्ये निघताना मी सायकल गाडीच्या टपावर बांधून सातारा जिल्ह्याच्या कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या घरी आणली. २५ मार्चला देश बंद झाला, गावकऱ्यांनी वेशीवर बाभळीच्या काट्या टाकून रस्ता अडवला आणि डांबरीवर सायकल काढायचा प्रश्नच मिटला. घरामागे मात्र आमच्या घरातल्या आप्पांच्या नावावरचा मुरमाड माळ आहे. वर घायपाताची रांग, खाली ओढा, मध्ये कुसळ आणि बोरीची झुडपं. त्या उतारावर आप्पा, चुलतभाऊ आणि मी मिळून सायकलची वाट काढली. ३ जूनपासून राज्यात सकाळी ५ ते संध्याकाळी ७ बाहेर सायकल चालवायची मुभा मिळाली, तरी माझा वेळ त्या वाटेवरच जायचा.

तुम्हाला अशी वाट काढायची असेल तर एक गोष्ट आधी मनात पक्की करा. वाट आखताना पाण्याचा विचार पहिला, सायकलचा नंतर. वाट मोडते ती चाकांनी कमी आणि पावसाने जास्त.

जागा कोणाची आणि तिथे कोण राहतं

कुदळ उचलण्याआधी सातबारा बघा. जमीन स्वतःची हवी किंवा मालकाने तोंडावर ‘करा’ म्हटलेलं हवं. सामाईक बांध असेल तर चुलत्यांना विचारल्याशिवाय एक ढेकूळही हलवू नका. गायरान आपलं वाटतं, पण ते आपल्या नावावर नसतं. राखीव वनात तर भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ खाली जमीन खणणं हा गुन्हा आहे. तिथे वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय पाऊल टाकू नका. शेळ्या-मेंढ्या कुठून ओढ्यावर उतरतात तेही बघून ठेवा. जिथे दोन्ही वाटा एकमेकींना छेदतात तिथे सायकलची वाट चढावर घ्या, म्हणजे वेग आपोआप कमी होतो.

माळ ओसाड नसतो. मार्च ते ऑगस्ट टिटवी उघड्या जमिनीवर, नुसत्या खड्यांमध्ये अंडी घालते. अंडी खड्यांच्याच रंगाची असतात, पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागली की समजायचं, घरटं जवळ आहे. आमच्या आखणीत असं घरटं आलं तेव्हा वाट पंधरा-वीस पावलं वरून वळवली, आणि मला विचाराल तर तोच तुकडा आता चालवायला सगळ्यात चांगला आहे.

आखणी

हे काम घाईने करू नका. निम्मी मेहनत इथे घातली तर पुढे खणावं कमी लागतं.

२०१६ च्या पहिल्या वॉटर कपमध्ये, म्हणजे पाणी फाउंडेशनच्या गावागावांतल्या जलसंधारण स्पर्धेत, राज्यातले तीन तालुके होते, त्यात आमचा कोरेगाव होता, आणि वेळू गाव पहिलं आलं. त्यामुळे आमच्या भागात समतल रेषा कशी काढायची हे पोरासोरांनाही माहीत आहे. दोन उभ्या पट्ट्या आणि त्यांना जोडणारी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी, हे हायड्रोमार्कर नावाचं साधन. ते नसेल तर तीन काठ्या आणि ओळंबा घेऊन ए-फ्रेम, म्हणजे इंग्रजी A च्या आकाराची चौकट, बांधा. तेही नसेल तर गवंड्याची नळीची पाणसळ चालते. समतल चरासाठी दोन्ही टोकांची पातळी सारखी धरतात. आपल्याला वाट हलकेच उतरवायची आहे, म्हणून ५ मीटर अंतरावर ३५ सेंटिमीटर फरक धरा. हा ७ टक्के उतार झाला.

किती उतार चालेल? जगभर वाटा बांधणारे निम्म्याचा नियम पाळतात. डोंगराचा उतार १०० मीटरला १६ मीटर असेल तर वाटेचा उतार १०० ला ८ पेक्षा जास्त नको. जास्त झाला की पाणी वाट ओलांडून जायच्या ऐवजी वाटेनेच खाली धावतं आणि एका पावसाळ्यात तिची ओघळ होते. शिवाय डोंगर कितीही उभा असला तरी वाटेची सरासरी १० टक्क्यांच्या आत ठेवा. आमच्या मुरमाला मी ७-८ च्या वर जाऊ दिलेलं नाही. सरळ खाली पडणारी वाट दिसायला थरारक असते, पण मी तिच्या विरोधात आहे.

श्रमदानात एक वाक्य सगळ्यांच्या तोंडी असायचं: पळणाऱ्या पाण्याला चालायला लावा, चालणाऱ्याला थांबायला लावा, थांबलेल्याला जमिनीत मुरवा. वाटेवर यातला फक्त पहिला भाग लागू होतो. पाणी वाटेवर पळालं की घळ पडते आणि थांबलं की चिखल होतो. ते चालत आलं पाहिजे आणि चालतच पलीकडे गेलं पाहिजे. थांबवायचं काम खालच्या समतल चराचं. आप्पांनी वाटेची प्रत्येक निघती बाजू मुद्दाम जुन्या चराच्या डोक्यावर आणली.

यासाठी वाटेत मध्ये मध्ये उलटा चढ हवा. सहा ते पंधरा मीटर उतरलं की दोन-तीन पावलं वर चढायचं आणि पुन्हा उतरायचं. त्या खोलगट जागेतून पाणी बाहेर पडतं. चालवायला तर त्यात फार मजा आहे, सायकल पेडल न मारता लाटेवर असल्यासारखी वरखाली होते. हे चढ आखतानाच बसवा. नंतर मातीचे उंचवटे टाकून केलेले चढ टिकत नाहीत.

आखणी दिसावी म्हणून कामट्यांना जुन्या साडीच्या चिंध्या बांधून रोवा. मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जा, उलटेही या. जिथे पाय अडखळतो किंवा वळण अचानक येतं तिथली कामटी हलवा. काळ्या मातीचा पट्टा लागला तर वळसा घाला. ती ओली झाली की फुगते, चाकाला चिकटते, फोर्कमध्ये गच्च बसते, आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात.

खोदाई

कुदळ, फावडं, पहार, घमेलं, विळा, दंताळं आणि माती ठोकायचं धुम्मस एवढी अवजारं पुरतात. जेसीबी बोलावू नका. तो दोन तासांत एवढी जमीन उघडी करतो की पुढची दोन वर्षं गवत धरत नाही.

दगड हाताने उचलायचा नाही. आधी पहारीने उलथायचा, क्षणभर थांबायचं, मगच हात लावायचा. खाली विंचू असतो, कधी फुरसं असतं. बूट आणि फुल पँट घालूनच काम करा. आमच्याकडे सर्पदंशावरची लस मिळेल असा दवाखाना कुठला, तिथे आत्ता कोण आहे, हे आधी फोन करून विचारून ठेवलं होतं. तुम्हीही ठेवा.

वरचा गवताचा आणि मुळ्यांचा थर काढून बाजूला ठेवा, तो नंतर उघड्या जागेवर लावायला लागतो. खाली मुरूम लागेपर्यंत उतरा. वाटेची सगळी रुंदी डोंगराच्या अंगातच कापायची. निम्मी कापून निम्मी त्याच मातीने बाहेर भरली तर काम लवकर होतं, पण भरलेली कड पहिल्या मोठ्या पावसात बसते. ६० सेंटिमीटर रुंदी सवयीच्या माणसाला पुरते, नवख्यांसाठी ९० ठेवा.

वाटेचा तळ बाहेरच्या बाजूला किंचित उतरता हवा, साधारण ५ टक्के. म्हणजे ६० सेंटिमीटर रुंदीला ३ सेंटिमीटर. डोळ्याला तो जेमतेम कळतो, पण पाण्याला कळतो. वरच्या अंगाला उभी भिंत सोडू नका, ती तिरकी तासा, नाहीतर तिचीच माती वाटेवर ढासळते. काढलेली माती वाटेच्या खालच्या कडेला ढीग करून ठेवायची नाही. तो ढीग म्हणजे बांध, आणि बांध पाणी अडवतो. घमेल्याने लांब फेका, पसरून टाका.

ओघळ ओलांडायची असेल तिथे दगडी पिचिंग करा. लांबट दगड निवडा, ते आडवे न ठेवता उभे गाडा, एकाला एक घट्ट भिडवा आणि फटींत बारीक कपच्या ठोकून बसवा. आप्पांनी आयुष्यभर शेताच्या दगडी ताली रचल्या आहेत. दगडाचं तोंड कोणतं हे त्यांना हातात घेतल्याबरोबर कळतं. असा जाणता माणूस घरात असेल तर हे काम त्याच्याकडेच द्या आणि शेजारी बसून शिका.

वळणं

वळणासाठी उतारावरची त्यातल्या त्यात सपाट जागा शोधा. वळणाची त्रिज्या दोन-तीन मीटर तरी हवी. बाहेरच्या बाजूला मातीची तिरकी भिंत, म्हणजे बर्म, उभारली तर वेगात वळता येतं. पण बर्म पाणी आत धरून ठेवतो, म्हणून वळणाच्या जरा आधीच एक खोलगट जागा करून पाणी बाहेर काढून द्यायचं.

बर्मची माती कोरडी असताना कितीही ठोकली तरी तिचं पीठ होतं. एप्रिल-मे मध्ये आम्ही फक्त वाट कापली, बर्मला हात लावला नाही. पाऊस पडून उघडीप मिळाली, जमिनीला वाफसा आला, की मगच बांधायचं. पेरणीला जो वाफसा लागतो तोच. मूठभर माती दाबून गोळा झाला आणि हाताला चिकटला नाही, म्हणजे वेळ बरोबर आहे. मुरमात थोडी पांढरीची माती मिसळा, १० ते १५ सेंटिमीटरचा थर टाका, धुम्मसाने ठोका, मग वरचा थर. कोरेगावकडे जुलैत अशा उघडिपी मिळतात, त्यामुळे हे काम तेव्हाच करण्यासारखं असतं.

घरात लहान मुलं असतील तर रिकाम्या खळ्यावर पंप ट्रॅक करून द्या. ३० सेंटिमीटर उंचीचे गोलसर उंचवटे, एकाच्या माथ्यापासून दुसऱ्याचा माथा ३ मीटरवर. पेडल न मारता, नुसतं अंग वरखाली करून सायकल पुढे जाते. तेव्हा शाळा बंद होत्या, आमच्या वाड्यावरची पोरं सकाळी चहा होण्याआधी तिथे हजर असायची.

सायकल आणि चालवणं

महागडी सायकल नाही म्हणून अडून राहू नका. कॅलिफोर्नियात मरीन काउंटीमध्ये २१ ऑक्टोबर १९७६ ला रिपॅक नावाच्या उतारावर माउंटन बाइकची जी सुरुवातीची शर्यत झाली, तिच्यात जुन्या, जड, फुग्या टायरच्या सायकली होत्या. तीनेक किलोमीटरमध्ये सुमारे ४०० मीटरचा उतार, हबमधल्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातल्या, ब्रेकचं ग्रीस जळून जायचं. तुमच्या सायकलला पुढे शॉकअप आणि दोन्ही चाकांना चांगले ब्रेक असतील तर माळावर पुरे आहे.

उतारावर सीट खाली करा, दोन्ही पेडल समान पातळीवर ठेवून उभे राहा, गुडघे-कोपर सैल, नजर चाकासमोर न ठेवता पुढच्या वळणावर. ब्रेक वळणाच्या आधी मारायचा, वळणात नाही. बाभळीचे काटे आणि गोखरू ट्यूबचे शत्रू आहेत. सायकलची दुकानं तालुक्याला, म्हणून पंक्चर पॅच, सोल्यूशन, पंप घरात हवेत. ट्यूबमध्ये सीलंट, म्हणजे छिद्र बुजवणारं द्रव, भरता आलं तर उत्तम.

हेल्मेट घाला. आणि आपल्याला जमतंय त्याच्या एक पायरी खाली राहूनच चालवा. २०२० मध्ये जिल्ह्याच्या रुग्णालयात खाटा कोरोनाने श्वास लागलेल्या माणसांसाठी हव्या होत्या, हात मोडून आपण तिथे जाऊन बसणं बरं नव्हतं. उड्या मारण्याचे मोठे उंचवटे आम्ही मुद्दाम केलेच नाहीत. एकटं जाताना घरी सांगून जा, किती वाजता परत येणार तेही.

पावसात बघा, पावसानंतर दुरुस्त करा

३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा आमच्याकडेही जोराचा पाऊस झाला. वारा ओसरल्यावर चुलतभाऊ आणि मी पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन वाटेवर गेलो. पाणी कुठून शिरतं, कुठे थांबतं, कुठून बाहेर पडतं हे जेवढं भर पावसात कळतं तेवढं कोरड्या दिवशी कधीच कळत नाही. विजा असतील तर मात्र घरातच थांबा. सोबत कामट्या ठेवा, पाणी साचलेल्या जागी रोवा, आणि उघडीप मिळाली की तिथला बाहेरचा उतार वाढवा.

ओल्या वाटेवर सायकल घालू नका. चाकाची खूण उमटली तर उतरा आणि परत फिरा, कारण त्याच खुणेतून पुढचं पाणी वाहतं. मुरूम बऱ्यापैकी लवकर निथळतो, धीर धरवतो.

चाकांनी वाटेचा मध्य दबत जातो आणि खालच्या बाजूला मातीची कड उभी राहते. वर्षभरात सगळ्यात महत्त्वाचं काम तीच कड काढण्याचं. दसऱ्यानंतर गवत वाळलं की ते पेटवू नका, विळ्याने कापून उघड्या मातीवर पसरा. त्याच वेळी फावड्याने कड उडवा, बाहेरचा उतार ६० सेंटिमीटरला ३ भरतोय का ते पाणसळीने बघा, उलट्या चढांच्या खोलगट जागांतला गाळ उपसा आणि पिचिंगचे हललेले दगड पहारीने पुन्हा बसवा.