हाफ मॅरेथॉनचं टायमिंग ठरवताना या चुका टाळा

जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन जवळ आली की धावणाऱ्यांच्या बोलण्यात एकच आकडा येऊ लागतो: सब-टू. म्हणजे २१.०९७५ किलोमीटर दोन तासांच्या आत, किलोमीटरला साधारण ५ मिनिटं ४१ सेकंद. लक्ष्य चांगलंच आहे. पण महिनोन्‌महिने पहाटे उठून सराव केलेली माणसं पंधराव्या किलोमीटरनंतर हताश होऊन चालताना दिसतात, तेव्हा वाईट वाटतं. त्यांतल्या बऱ्याच जणांची तयारी उत्तम असते, फक्त ठरवलेला आकडा त्यांचा नसतो.

आकडा उसना घेणं

ऑफिसातल्या मित्राने १:५८ केलं म्हणून आपणही तेच करायचं, ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. आपला आकडा आपल्या अलीकडच्या धावण्यातून काढायचा. पीटर रीगल या अमेरिकन इंजिनिअरचं सूत्र यासाठी अजूनही वापरतात: अंतर ज्या पटीने वाढतं त्या पटीचा १.०६ वा घात घ्यायचा आणि त्याने आपल्या वेळेला गुणायचं. गणित नको असेल तर एवढं लक्षात ठेवा. दहा किलोमीटर जीव तोडून ६० मिनिटांत होत असतील तर हाफचा अंदाज २ तास १२ मिनिटांच्या आसपास येतो. ५५ मिनिटांत होत असतील तरी २:०१. म्हणजे सब-टूसाठी दहा किलोमीटर साधारण ५४ मिनिटं २० सेकंदांच्या आत यायला हवेत, आणि तेही लांब पल्ल्याचा सराव झालेला असेल तर.

हा अंदाज सपाट रस्त्याचा आणि बऱ्या हवेचा. मुंबईच्या दमटपणात, पेडर रोडच्या चढावर तो ढळतो. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनमध्ये तर यवतेश्वरचा घाट चढायचा असतो. तिथे मुंबईचं टायमिंग लक्ष्य म्हणून धरणं अन्यायाचं आहे.

एकदम मोठी उडी

२:२० वरून थेट १:५९ ठरवणाऱ्यांनी अविनाश साबळेचे आकडे एकदा शांतपणे बघावेत. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या या धावपटूने २०१८ साली ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये (अडथळे ओलांडत धावायची शर्यत) ८:२९.८० अशी वेळ देऊन १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. मग २०१९ मध्ये दोहाला ८:२१.३७. टोकियो ऑलिम्पिकमध्ये ८:१८.१२. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८:११.२० आणि रौप्यपदक. २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगला ८:०९.९१. मधले टप्पे आणखी आहेत. सहा वर्षांत जेमतेम वीस सेकंद, तेही पूर्णवेळ सराव करणाऱ्या सैनिकाने मिळवलेले. मला या यादीचा फार आधार वाटतो. पुढचं लक्ष्य मागच्या कामगिरीच्या हाताला लागेल इतकंच लांब असावं.

पहिल्याच वर्षी वेळेच्या मागे लागणं

कठीण आणि नेमकं लक्ष्य कामगिरी वाढवतं, हे एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या मानसशास्त्रज्ञांनी अनेक वर्षांच्या अभ्यासातून दाखवलं. पण त्याला अट आहे. कॅन्फर आणि अ‍ॅकरमन या संशोधकांनी १९८९ मध्ये अमेरिकी हवाई दलातल्या प्रशिक्षणार्थींना विमान वाहतूक नियंत्रणाचं कृत्रिम काम दिलं. काम अजून नवं असताना आकड्याचं लक्ष्य दिलं तर कामगिरी उलट खालावली, कारण शिकण्याला लागणारं लक्ष आकड्याकडे गेलं. नवीन धावपटूचं असंच होतं. पहिल्या हाफला घड्याळ बाजूला ठेवा. पाणी कधी घ्यायचं, बोलता येईल इतक्या पेसने (वेगाने) पहिले आठ-दहा किलोमीटर कसे काढायचे, चढावर पावलं कशी आखूड करायची, हे जमलं तरी पहिली शर्यत यशस्वी.

नुसत्या विश्वासावर विसंबणं

१९५४ मध्ये ब्रिटिश धावपटू रॉजर बॅनिस्टर ३:५९.४ मध्ये मैल धावला आणि चार मिनिटांच्या आत मैल अशक्य मानणारी मनातली भिंत पडली, असं भाषणांत सांगतात. अपेक्षेला ताकद आहेच. पण स्वीडनचा गुंडर हेग १९४५ मध्येच ४:०१.४ पर्यंत पोचला होता. शिवाय बॅनिस्टरने पाव मैलाच्या फेऱ्यांचा कसून सराव केला होता आणि त्या दिवशी ब्रॅशर आणि चॅटवे हे दोघं त्याला पेस देत होते. त्याच्या अपेक्षेखाली पुरावा होता. तुमच्या अपेक्षेखाली सरावाची वही आहे का, ते बघा.

एकच आकडा, तो गेला की सगळं गेलं

सुमारे एक कोटी पूर्ण मॅरेथॉन वेळांच्या अभ्यासात दिसलं की ३, ३:३० आणि ४ तासांच्या जरा आधी पोचणाऱ्यांची गर्दी असते आणि लगेच नंतर ती ओसरते. गोल आकडा आवाक्यात असेल तर शेवटी पायांत बळ येतं. आवाक्याबाहेर गेला की मात्र मन सोडून देतं. म्हणून तीन लक्ष्यं ठेवा. उदाहरणार्थ, सगळं जुळून आलं तर २:०५, साधारण दिवस असेल तर २:१०, आणि काही बिनसलं तरी न थांबता शेवट. सोबत जर-तर ठरवून ठेवा: पोटरीत गोळा आला तर पुढच्या पाण्याच्या स्टॉलपर्यंत चालेन, मग सावकाश सुरू करेन. छातीत दुखलं, चक्कर आली तर मात्र लक्ष्य कुठलंही असो, तिथेच थांबून मदत मागायची.

तरी टायमिंग हुकलं तर?

दर पाच किलोमीटरची वेळ काढून बघा. पहिले पाच ठरल्यापेक्षा वेगात आणि शेवटचे सहा कोसळलेले असतील, तर आकडा लगेच बदलू नका, सुरुवात आवरा. चारही टप्प्यांत थोडे थोडे सेकंद गेले असतील तर लक्ष्य तीन-चार मिनिटांनी मागे घ्या. फक्त चढावर वेळ गेला असेल तर आठवड्यातून एकदा टेकडी धरा आणि बाकी काही बदलू नका.