गॅस न नेता ट्रेकला जाताय? वाळवलेल्या जेवणाच्या या चुका टाळा

मार्च लागला की माझा फोन वाजायला लागतो. ताई, साल्हेर किल्ल्यावर चाललोय, स्टोव्हचं ओझं नको, वाळलेल्या गवतात जाळ करायची हिंमत नाही, तर गार पाण्यात भिजवून खाता येईल असं वाळवलेलं काय काय नेऊ? प्रश्न एकदम बरोबर. मग मी अर्धा तास सांगते, समोरचा हो हो करतो, आणि परत आल्यावर कळतं की नको म्हटलेलं सगळं त्याने केलंय, वर म्हणतो तुमची आयडिया काही जमली नाही बुवा. म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे भिजलं की शिजलं असं समजणं. न शिजवता खायचं म्हणजे ते कधीच शिजवायचं नाही असा अर्थ लोक काढतात. अहो शिजवायचंच आहे, फक्त घरी, आठवडाभर आधी, आणि मग वाळवायचं. कच्चा तांदूळ रात्रभर पाण्यात ठेवा, सकाळी भिजलेला तांदूळ मिळेल, भात नाही. मग पोहे कसे चालतात? तर पोहे करताना साळ भिजवतात, भाजतात आणि मग चेपतात, म्हणजे आपण आणतो तेव्हा त्यांचं शिजणं उरकलेलं असतं. इन्स्टंट नूडल्स वाफवून तळलेल्या असतात म्हणून गार पाण्यातही अर्ध्या-पाऊण तासात मऊ पडतात. सातूचं पीठ, मेतकूट ही आधी भाजून दळलेली, पाण्यात नाहीतर ताकात कालवा आणि खा. पण बेसन, नाचणीचं सत्त्व ही कच्ची असतात, आणि दिसायला पीठ ते पीठच. माझ्या भाच्याने हरिहर किल्ल्यावर बेसन गार पाण्यात कालवून त्याला पिठलं म्हणायचा प्रयत्न केला होता. दोन घास खाल्ले, उरलेलं तोंड वाकडं करत घरी परत आणलं.

राजम्याच्या बाबतीत मात्र मी गंमत करत नाही. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्यात असा एक पदार्थ असतो की चार-पाच दाणेसुद्धा उलट्या आणायला पुरतात, नुसतं भिजवून तो जात नाही. भिजवलेलं पाणी फेकायचं, नवीन पाण्यात खळखळून उकळायचं, कुकरमध्ये बोटाने चेपला की पीठ होईल इतका शिजवायचा आणि मगच वाळवायचा. एवढं करायचा कंटाळा असेल तर मूगडाळ घ्या, लवकर शिजते, लवकर वाळते, लवकर भिजते.

आता माझी लाडकी चूक. लाडकी कारण ती मी स्वतः केलीय. अर्धवट वाळलेलं पिशवीत भरणं.

सात-आठ वर्षं झाली. साल्हेरचा प्लॅन, आम्ही सहा जण, जेवण माझ्याकडे. मी छान मूगडाळीची खिचडी केली, वर तुपाची फोडणी, आणि गच्चीवर प्लॅस्टिकवर पसरली. एप्रिल महिना, नाशिकचं ऊन चाळिशीला टेकलेलं, हवा कोरडी, मला वाटलं याच्यापुढे अन्न वाळवायचं मशीन (डिहायड्रेटर) काय करणार. पसरली म्हणजे काय तर गोळे तसेच ठेवले, कारण मोकळं करत बसायला वेळ नव्हता, ऑफिसला जायचं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हात लावून पाहिलं तर कडक कडक. आई म्हणाली अगं अजून एक ऊन दाखव, आजच भरू नको. आईने आयुष्यभर कुरडया, सांडगे घातलेत, आणि मी तिला सांगतेय की आई हे वेगळं असतं, हे डिहायड्रेटेड फूड आहे. ऊन लागून गरम झालेली खिचडी मी तशीच झिपलॉकमध्ये भरली, हवा काढली, वर मार्करने नावं पण घातली.

पाच दिवसांनी साल्हेरवर, गंगासागर तलावापाशी, वाघांबेकडून चढून सगळे मेटाकुटीला आलेले, मी ऐटीत पिशवी उघडली. आधी आंबूस वास आला. मग एक गोळा फोडला तर आत ओलसर आणि हिरवट-काळे ठिपके. दुसरी पिशवी तशीच. तिसरीला बुरशी नव्हती पण तूप खवट झालं होतं. सहा माणसांनी त्या रात्री चिवडा आणि पिंपळगावचे बेदाणे खाल्ले, महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच किल्ल्यावर, आणि एकाने झोपताना शांतपणे विचारलं की हे डिहायड्रेटेड होतं का. दुसऱ्या दिवशी खाली उतरल्यावर वाघांब्यात एका घरी मावशींनी भाकरी-पिठलं वाढलं. इतकं चवदार पिठलं मी परत कधी खाल्लं नाही.

काय चुकलं? सगळंच. गोळा मोठा असला की वरचा थर आधी कडक होतो आणि आतलं पाणी आतच कोंडतं, हाताला मात्र वाळल्यासारखं लागतं. मशीनवाल्यांचंही हेच होतं, घाई म्हणून 70 डिग्रीला लावतात, बाहेर कवच आणि आत ओल. मी आता मशीन वापरते, 55 ते 57 डिग्रीच्या मध्ये, भात-डाळ असेल तर आठ-दहा तास, मध्ये दोनदा हाताने मोकळं करते. शिजवलेलं अन्न गच्चीवरच्या उन्हात मी आता वाळवतच नाही, उन्हात त्याला दोन दिवस लागतात आणि तेवढ्या वेळात ते आंबायला मोकळं असतं. भाज्या, टोमॅटो, कोथिंबीर, मेथी खुशाल उन्हात घाला, पण संध्याकाळी घरात घ्या.

दुसरं, तेल-तूप वाळत नाही. पाणी उडतं, तूप तिथेच राहतं आणि खवट होतं. बिनफोडणीचं शिजवा, तुपाची छोटी बाटली वेगळी न्या, वरून घाला. दाण्याचं कूट, खोबरं पण वेगळं.

तिसरं, गरम भरू नका. पूर्ण गार झालं की मी काचेच्या बरणीत दोन तृतीयांश भरते आणि आठवडाभर रोज एकदा हलवते. जे थोडं जास्त ओलं राहिलेलं असतं त्याची ओल सगळ्यात सारखी पसरते, आणि काचेला आतून घाम आला तर लगेच कळतं. घाम आला की परत मशीनमध्ये. बुरशी दिसली तर सगळी बरणी फेका, वरचं काढून खालचं वापरू नका. शुक्रवारी रात्री वाळवून शनिवारी पहाटे गाडीत बसणारे जे हौशी आहेत त्यांना माझा एकच सल्ला, दशम्या न्या.

पाण्याबद्दल आता. हे कोणाच्या डोक्यातच येत नाही. स्टोव्हवर करता तेव्हा पाणी उकळतं, म्हणून गडावरच्या टाक्यातलं, म्हणजे कातळात खोदलेल्या हौदातलं पाणी घेतलं तरी भागतं. इथे उकळणं नाहीच. म्हणजे भिजवायचं पाणी पिण्याच्याच लायकीचं पाहिजे. कुलंग किल्ल्यावर आमच्यातला एक हुशार, प्यायला घरून चार लिटर आणलेलं, त्यातला थेंब कोणाला देईना, पण दडप्या पोह्याच्या डब्यात बिनधास्त टाक्यातलं पाणी ओतलं. मी ओरडले तर म्हणे ताई, पोह्यात तर जाणार आहे. आता पोह्यात जाऊन पाणी कुठे जातं? रात्री दोनपासून तो टॉर्च घेऊन बाहेर आणि सकाळी उतरताना त्याची सॅक आम्ही वाटून घेतली. कुलंगची खडी उतराई ज्यांनी केलीय त्यांना कळेल मी का चिडते.

मी टाक्यातलं पाणी आधी दुपदरी कपड्यातून गाळते, मग क्लोरीनची गोळी, पाकिटावर जेवढे लिटर लिहिलेत तेवढ्यालाच, आणि निदान 30 मिनिटं थांबते. पाणी गढूळ असेल तर गोळी नीट काम करत नाही म्हणून गाळायचं आधी. वास येतो म्हणून अर्धी गोळी टाकणारे पण पाहिलेत. त्यांनी पूर्ण गोळी टाकून, वेळ झाल्यावर लिंबू पिळावं आणि गप्प बसावं.

भिजवायला वेळ लागतो आणि मंडळींना तोच द्यायचा नसतो. पातळ पोहे पाच मिनिटं, शिजवून वाळवलेला भात किंवा डाळ गार पाण्यात तासभर, कधी दीड. गरम पाण्याच्या दुप्पट तरी धरा. एक वाटी वाळलेल्याला दीड वाटी पाणी घालून सुरुवात करते, मग बघून वाढवते. नवखे लोक पंधरा मिनिटांत चमचा घालतात, कणी दाताखाली आली की म्हणतात फसलं. फसलं नाही रे बाळा, थांब. तासाभरानेही बाहेरून मऊ आणि आत कडकच असेल तर वाळवताना गोळे राहिलेत, पुढच्या वेळी मोकळं वाळव, आत्ता अर्धा तास अजून दे.

पण याच्या उलटही करू नका. सकाळी भिजवून सॅकमध्ये टाकायचं आणि रात्री खायचं, हे उन्हाळ्यात अजिबात नको. पाणी लागलं की ते परत साधं शिजलेलं अन्न झालं, आणि एप्रिल-मेमध्ये सॅकच्या आत डाळभाताचं सहा तासांत काय होतं ते सांगायला नको. खायच्या तासभर आधी, शेवटच्या टप्प्यावर, चालता चालता भिजवा. उरलं तर रात्रीचं सकाळी नाही.

बाकीच्या चुका एकेका ओळीच्या. दुधाची पावडर थेट बाटलीभर पाण्यात ओतू नका, आधी चमचाभर पाण्यात तिची पेस्ट करा. सोया ग्रॅन्युल गार पाण्यात मऊ होतात पण ते पहिलं पाणी पिळून टाका, नाहीतर वास तोंडातून दोन दिवस जात नाही. पनीर वाळवू नका, रबर होतं. नॉनव्हेज घरी वाळवायच्या फंदात नवख्यांनी पडूच नये. कांदा वाळवायचा असेल तर बाल्कनीत, मी एकदा हॉलमध्ये मशीन लावलं होतं आणि घरचे चार दिवस बोलत नव्हते. मीठ-तिखट भिजताना घालून मग चव बघून परत घालणारे शेवटी खारट खातात. पावसाळ्यात ढगात बसून मोठी पिशवी उघडू नका, एका जेवणाची एक पिशवी करा. आणि माप घ्या हो, माणशी एका जेवणाला 100 ते 125 ग्रॅम वाळलेलं लागतं, मूठभर बघून पुरेल म्हणणारे रात्री दुसऱ्याच्या डब्यात डोकावतात.

डबा म्हणाल तर पीनट बटरची रिकामी बरणी, फिरकीचं झाकण, आत काय चाललंय ते दिसतं आणि फुटत नाही. घरी पाणी भरून रात्रभर उलटी ठेवून बघा. भाच्याने बघितली नव्हती, त्याच्या स्लीपिंग बॅगला अजून वरणाचा वास मारतो, दोनदा धुतली तरी.