जंगल वाचावं म्हणून ईएसजी फंड घेताय? मग या चुका टाळा

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे नावात ईएसजी (म्हणजे पर्यावरण, समाज आणि कंपनीचा कारभार बघून शेअर निवडणारा फंड) दिसलं की एसआयपी सुरू करून मोकळं व्हायचं. आपल्याकडच्या ईएसजी फंडांचा पोर्टफोलिओ उघडून बघा, वरच्या नावांत बँका आणि आयटीच जास्त दिसतील, कारण त्यांचा स्वतःचा धूर कमी त्यामुळे स्कोअर छान येतो, पण बँकेनं कर्ज कोणत्या खाणीला दिलंय ते त्या स्कोअरमध्ये नीट उतरेलच असं नाही. शिवाय बरीच रेटिंग्ज पर्यावरणाच्या भानगडीत कंपनीला किती फटका बसेल ते मोजतात, जंगलाला किती बसेल हा प्रश्नच वेगळा राहतो. फंडवाले दर महिन्याला पूर्ण यादी साइटवर टाकतात, ती डाउनलोड करा.

दुसरं, बीआरएसआर, म्हणजे कंपनीनं पर्यावरण आणि समाजाबाबत काय केलं याचा वार्षिक रिपोर्ट, न वाचणं. शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीनं 2022-23 पासून टॉप 1000 लिस्टेड कंपन्यांना हा रिपोर्ट कम्पल्सरी केलाय. सुरुवातीचे हिरवेगार फोटो सोडा आणि थेट पर्यावरणाबद्दलच्या सहाव्या तत्त्वावर (प्रिन्सिपल 6) जा, तिथे कंपनीला विचारलेलं असतं की अभयारण्य, जंगल, पाणथळ जागा अशा ठिकाणी तुमचं काम आहे का आणि परवानगीच्या अटी पाळताय का. उत्तर गुळमुळीत वाटलं तर सरकारच्या परिवेश पोर्टलवर वनजमीन वापरायला मागणारे प्रस्ताव शोधता येतात, थोडं किचकट आहे पण जमतं.

मात्र साबण-बिस्किटवाल्या कंपन्यांसाठी एवढं पुरत नाही. त्यांचा कारखाना एमआयडीसीत असतो आणि जंगल तुटतं इंडोनेशिया-मलेशियात, पाम तेलासाठी, जे जगात सगळ्यात जास्त आपणच आयात करतो. 'आम्ही सर्टिफाइड तेल वापरतो' असं लिहिलं असेल तर कुठलं ते बघा. आरएसपीओ ही पाम तेलाला सर्टिफिकेट देणारी जागतिक संस्था, तिच्या मास बॅलन्स पद्धतीत सर्टिफाइड आणि साधं तेल एकत्र मिसळलेलं चालतं, सेग्रिगेटेड असेल तर ते वेगळं ठेवलेलं असतं.

'तोडली त्याच्या दुप्पट झाडं लावली' या वाक्यावर तर अजिबात विश्वास टाकू नका. छत्तीसगडच्या हसदेव अरण्यातलं, कोळसा खाणींसाठी तोडलं जाणारं सालाचं जंगल, तिथले हत्ती, मोह आणि तेंदूपत्त्यावर जगणारी गावं, हे सगळं दुसरीकडे रांगेत रोपं लावून भरून निघत नाही. आणि 'साग लावा, श्रीमंत व्हा' टाइप स्कीम म्हणजे हरित गुंतवणूक नव्हे, नव्वदच्या दशकात असल्या प्लांटेशन कंपन्यांत कितीतरी लोकांचे पैसे बुडाले, त्यानंतर 1999 मध्ये सेबीला वेगळे नियम आणावे लागले.

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे तिथल्या माणसांचं न ऐकणं. ओडिशातल्या नियमगिरीचंच घ्या. वेदांता या खाण कंपनीला तिथलं बॉक्साइट (अॅल्युमिनियमचं खनिज) हवं होतं आणि तिथले डोंगरिया कोंध आदिवासी वर्षानुवर्षं नाही म्हणत होते. नॉर्वेच्या सरकारी पेन्शन फंडानं 2007 मध्येच वेदांतातून पैसे काढले, चर्च ऑफ इंग्लंडनं 2010 मध्ये. त्याच वर्षी पर्यावरण मंत्रालयानं वनपरवानगी नाकारली, मग 2013 मध्ये सुप्रीम कोर्टानं ग्रामसभांना विचारा म्हटलं आणि 12 च्या 12 ग्रामसभांनी नकार दिला, खाण झालीच नाही. म्हणजे ज्यांनी गावाचं म्हणणं आधी ऐकलं त्यांना धोका आधी कळला. त्यामुळे खाण किंवा धरणाशी संबंध असलेला शेअर घेताना वनहक्क कायद्याखाली ग्रामसभेनं काय ठराव केलाय ते लोकल बातम्यांत शोधाच, रेटिंग बदलायची वाट बघू नका.

आणि राग आला म्हणून लगेच विकून टाकायचं असंही नाही. शेअर डायरेक्ट तुमच्या नावावर असेल तर ई-व्होटिंग करता येतं, एजीएममध्ये (कंपनीच्या वार्षिक सभेत) स्पीकर म्हणून नाव नोंदवून प्रश्न विचारता येतो. फंडातून असेल तर मत फंड हाऊस देतं, आणि ईएसजी स्कीमला ते का दिलं याचं कारण जाहीर करावं लागतं, तेव्हा ते वाचा आणि पटलं नाही तर सरळ मेल टाकून विचारा की जंगलाच्या मुद्द्यावर तुम्ही कंपनीशी काय बोललात.