‘रन’ या क्रियापदाचा अर्थ लावताना: नव्या अनुवादकांसाठी

इंग्रजीतून मराठीत अनुवाद करायला लागले, त्या पहिल्याच वर्षी शेतीपंपाची एक माहितीपुस्तिका माझ्याकडे आली. तिच्यात ‘डू नॉट रन द पंप ड्राय’ अशी सूचना होती आणि मी ती ‘पंप कोरडा होईपर्यंत चालवू नका’ अशी मराठीत आणली. मसुदा देण्याआधी शेती करणाऱ्या माझ्या मामांना तो वाचून दाखवला. त्या वाक्याशी त्यांनी मला थांबवले. “कोरडा होईपर्यंत म्हणजे काय गं? पाणी नसताना मोटर चालू ठेवायची नाही, एवढंच ना? मग तसंच लिही की.” पाण्यात बुडालेल्या मोटरला भोवतीच्या पाण्यानेच थंडावा मिळतो आणि पाण्याविना ती चालू राहिली तर तापून जळू शकते, हे त्यांना ठाऊक होते; मला फक्त शब्द ठाऊक होते. ‘रन’ म्हणजे ‘चालवणे’ हे मी बरोबर ओळखले होते, पण ‘ड्राय’ हा त्याच क्रियापदाचा भाग आहे, हे माझ्या लक्षात आले नव्हते.

नवख्या अनुवादकाला अवघड शब्द अडवत नाहीत, कारण ते तो शब्दकोशात शोधतोच. त्याला चकवतात ती रोजच्या वापरातली छोटी क्रियापदे, आणि त्यांत ‘रन’ सर्वांत पुढे आहे. ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाच्या १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ची होती. पुढे सुधारित आवृत्तीचे काम करताना संपादक पीटर गिलिव्हर यांनी ‘रन’ या क्रियापदावर नऊ महिने घालवले आणि त्याचे ६४५ अर्थ नोंदवले. एवढे अर्थ पाठ करणे शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. वाक्यात काय ‘रन’ होते आहे, किंवा काय ‘रन’ केले जात आहे, हे आधी पाहावे. मराठी क्रियापद त्या नामाकडूनच मिळते.

इंग्रजीत जे पळते, ते मराठीत बहुतेक वेळा चालते, हे मला बऱ्याच उशिरा उमगले. घड्याळ, मोटर, दुकान, खानावळ, नाटकाचे प्रयोग या सगळ्यांना इंग्रजी ‘रन’ लावते आणि आपण ‘चालणे’ किंवा ‘चालवणे’ लावतो. रेल्वे मात्र आपल्याकडेही धावते. याच्या पलीकडे गेले की ‘चालवणे’सुद्धा अपुरे पडते: शिबिर भरवतात, मोहीम राबवतात, चाचणी घेतात, बातमी छापतात, धोका पत्करतात. कपड्याचा रंग जातो, नाक वाहते, विहीर आटते. निवडणुकीसाठी अमेरिकेत उमेदवार ‘रन’ करतो, ब्रिटनमध्ये ‘स्टँड’ करतो आणि आपल्याकडे तो उभा राहतो. म्हणजे या एका बाबतीत मराठी ब्रिटिश प्रयोगाच्या जवळ आहे.

समानार्थी शब्दांच्या याद्यांवर मी फारसा भरवसा ठेवत नाही. ‘रन’, ‘मॅनेज’ आणि ‘ऑपरेट’ हे शब्द यादीत शेजारी बसतात, पण वाक्यात त्यांच्या जागा वेगळ्या असतात. दुकान ‘रन’ करणारा स्वतः गल्ल्यावर बसलेला डोळ्यांसमोर येतो, ‘मॅनेज’ करणारा बहुधा दुसऱ्याच्या वतीने कारभार पाहतो, आणि ‘ऑपरेट’मध्ये यंत्राची किंवा मोठ्या उद्योगाची छटा असते. मराठीतही हेच आहे. ‘धावणे’ आणि ‘पळणे’ यांचा अर्थ एकच, असे कोणीही सांगेल. पण आपण मदतीला धावून जातो, मदतीला पळून जात नाही. असा फरक जिथे कानाला लगेच कळतो, तिथे शब्दकोशापेक्षा कानाचे ऐकावे.

परक्या क्रियापदाची ही बहुरूपे समजून घ्यायची असतील, तर आपल्या ‘लागणे’कडे पाहावे. भूक लागते, ठेच लागते, निकाल लागतो, बोअरला पाणी लागते, वाटेत देऊळ लागते. ‘गाडी लागली’ असे कोणी म्हणाले, तर ती फलाटावर लागली की प्रवाशाला लागली, हे आपण क्षणात ओळखतो. मराठी शिकणारा परभाषी माणूस जिथे अडतो, तिथेच आपण ‘रन’पाशी अडतो. नव्याने काम सुरू करणाऱ्यांना मी या दोन क्रियापदांची वही ठेवायला सांगते: एका पानावर ‘रन’ची प्रत्यक्ष वाचनात आलेली पूर्ण वाक्ये, समोरच्या पानावर आपल्या बोलण्यातली. सुटा शब्द लिहू नये, वाक्यच लिहावे.

कधी कधी मात्र क्रियापद शोधून भागत नाही, वाक्यच नव्याने मांडावे लागते. रुग्णालयांच्या अर्जांत ‘डज डायबिटीस रन इन युवर फॅमिली’ हा प्रश्न नेहमी येतो. ‘तुमच्या कुटुंबात मधुमेह आहे का’ हे मराठी म्हणून बरोबर आहे, परंतु आपल्या कुटुंबात सूनही येते आणि बायकोही येते; डॉक्टरांना हवी असते ती आनुवंशिकतेची माहिती. म्हणून मी तिथे ‘तुमच्या रक्ताच्या नात्यात कोणाला मधुमेह आहे किंवा होता का’ असे लिहिते. त्या वाक्यात ‘रन’साठी वेगळा शब्द उरत नाही, आणि अर्ज भरणाऱ्या आजींना आपल्या सुनेचा मधुमेह त्यात लिहायचा की नाही, हे कोणाला विचारावे लागत नाही.