रस्त्याच्या दुरुस्तीचा निधी कोणाकडे आणि केव्हा मागावा

दुरुस्तीचा अर्ज लिहिण्यापूर्वी रस्ता कोणाच्या ताब्यात आहे हे शोधून काढावे, कारण चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहतो आणि तोवर पुढचा पावसाळा येऊन ठेपतो. राज्य महामार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे, तर गावातल्या गल्ल्या ग्रामपंचायतीकडे असतात. किलोमीटरच्या दगडाचा माथा हिरवा असेल तर राज्य महामार्ग, केशरी असेल तर ग्रामीण मार्ग समजावा. दगड नसल्यास जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागात रस्त्याचा क्रमांक विचारून तोच अर्जात लिहावा.

राज्याचा पैसा कायद्याशिवाय खर्च होत नाही. विधिमंडळ दरवर्षी खात्यांच्या खर्चाच्या मागण्या मंजूर करते आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद २०४ प्रमाणे विनियोजन विधेयक, म्हणजे तो पैसा तिजोरीतून काढण्याची परवानगी देणारे विधेयक, संमत करते. त्यात देखभाल-दुरुस्तीचा पैसा ३०५४ या लेखाशीर्षाखाली (खर्चाच्या हिशेबाचा ठरलेला क्रमांक), तर नवे रस्ते व पूल यांचा भांडवली खर्च ५०५४ खाली येतो. म्हणून ‘रस्ता करून द्यावा’ असे मोघम न लिहिता दुरुस्ती हवी की नवे काम, हे स्पष्ट लिहावे.

वेळही तितकीच महत्त्वाची आहे. अर्थसंकल्प मार्चच्या सुमारास मांडला जातो आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या, म्हणजे वर्षाच्या मध्येच लागणाऱ्या जादा खर्चाच्या मागण्या, येतात. १९९८ च्या जिल्हा नियोजन समिती अधिनियमानुसार नेमलेली समिती जिल्ह्याचा आराखडा ठरवते. त्यामुळे दिवाळीच्या आसपास, पावसाने केलेले नुकसान डोळ्यांसमोर असतानाच, ग्रामसभेचा ठराव व छायाचित्रे अभियंत्याकडे आणि लोकप्रतिनिधींकडे पोचवावीत. वणी-चंद्रपूरच्या कोळसापट्ट्यातील गावांनी खाणबाधित भागांसाठीचा निधी सांभाळणाऱ्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडेही मागणी नोंदवावी.

मागणीत नेमके काय लिहावे, याकडे माझ्या मते सर्वांत कमी लक्ष दिले जाते. आपली काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. रस्त्याच्या कडेला पाणी साचले की खालचा थर हलतो, आणि वरचे डांबर कितीही चांगले असले तरी उखडते. म्हणून खड्डे बुजवण्याबरोबर बाजूच्या नाल्या खोदणे, साईडपट्ट्या भरणे आणि मोऱ्यांतला गाळ काढणे ही कामे अंदाजपत्रकात असावीत, असे ठरावातच नमूद करावे. नाल्यावरील रपटा (ठेंगणा फरशी पूल) किंवा जुना पूल असेल तर पुराने पायाखालची माती वाहून गेली आहे का, याची पावसाळ्यापूर्वी व नंतर तपासणी मागावी. महाडजवळचा सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला, तेव्हा त्यावरून वाहतूक सुरूच होती; जुन्या पुलांच्या तपासणीत हयगय नको.

प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा रस्ता असेल, तर काम पूर्ण झाल्यापासून पाच वर्षे देखभालीची जबाबदारी करारानुसार ठेकेदाराचीच असते. फलकावरची तारीख पाहून थेट त्या करारावर बोट ठेवावे.

उत्तर न आल्यास माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली दहा रुपये शुल्क भरून अर्ज करावा. तीस दिवसांत माहिती देणे बंधनकारक आहे. त्या रस्त्यावर ३०५४ मधून झालेला खर्च, अंदाजपत्रक आणि झालेल्या कामाच्या मापांची नोंद असलेल्या मोजमाप पुस्तिकेची प्रत मागावी. पुस्तिकेत कामाची लांबी, रुंदी व जाडी लिहिलेली असते, त्यामुळे प्रत हाती येताच चार गावकऱ्यांसह रस्त्यावर टेप लावून ती पडताळावी आणि तफावत आढळल्यास कार्यकारी अभियंत्यास लेखी कळवून पोच घ्यावी.