लायबेरियात कामाला जाणाऱ्या गोवेकरांनी तेथे कसे वागावे

मुरगाव बंदरात लागणाऱ्या कित्येक जहाजांच्या पिछाडीवर ‘मोनरोव्हिया’ हे पश्चिम आफ्रिकेतील लायबेरियाच्या राजधानीचे नाव रंगवलेले दिसते, कारण जगभरातील हजारो व्यापारी जहाजांची नोंदणी त्या देशात झालेली आहे. त्या झेंड्याखाली आयुष्य काढलेल्या आपल्या तारवट्यांनाही तो देश बहुधा जहाजाच्या कागदपत्रांपुरताच ठाऊक असतो. 2011 साली सेसा गोवा कंपनीने पश्चिम लायबेरियातील लोहखनिज प्रकल्पात हिस्सा घेतला आणि आपल्या खाणव्यवसायाचाही त्या देशाशी संबंध जोडला गेला. खाणीवर, बंदरात किंवा एखाद्या दुकानात कामाला जाणाऱ्या माणसाला काम येतच असते. अडते ते माणसांशी वागताना.

विचारपूस केल्याशिवाय कामाचे बोलू नये, ही पहिली रीत. सकाळी कचेरीत शिरताच कालचा अहवाल मागणे आपल्याला तत्परता वाटते, तेथे तो उद्धटपणा ठरतो. ‘हाऊ द बॉडी?’ असे विचारावे, घरच्यांची चौकशी करावी, उत्तर थांबून ऐकावे आणि मगच कामाकडे वळावे. राजभाषा इंग्रजी असली तरी रोजच्या बोलण्यातील लायबेरियन इंग्रजी वेगळ्या धाटणीची असते. न कळल्यास पुन्हा विचारावे, मात्र तिची नक्कल करू नये. वडीलधाऱ्यांना नुसत्या नावाने हाक न मारता ‘अंकल’, ‘आंटी’, ‘ओल्ड मॅन’, ‘ओल्ड मा’ असे म्हणावे. ही सारी संबोधने मानाची आहेत.

हस्तांदोलनाची पद्धत निघण्यापूर्वीच घरी शिकून घ्यावी. उजवा हात नेहमीप्रमाणे मिळवावा आणि तो सोडवून घेताना समोरच्याचे मधले बोट आपला अंगठा व मधले बोट यांच्यात धरून झटक्यात निसटू द्यावे, म्हणजे टिचकी वाजते. नवख्याची टिचकी बहुधा वाजत नाही. अशा वेळी ओशाळून हात मागे न घेता पुन्हा प्रयत्न करावा, कारण त्या प्रयत्नातच ओळख घट्ट होते. गुलामगिरीच्या काळी मालक गुलामांची बोटे मोडत असत आणि मुक्त झालेल्या माणसांनी स्वातंत्र्याची खूण म्हणून ही टिचकी सुरू केली, असे सांगितले जाते.

जेवणाची धास्ती गोवेकराने बाळगू नये. भात पोटात गेला नाही तर जेवण झालेच नाही, असे लायबेरियन माणूस मानतो. 1979 च्या एप्रिलमध्ये तांदळाचा दर वाढवण्याच्या प्रस्तावावरून मोनरोव्हियात दंगल उसळली आणि वर्षभरातच लष्करी उठावात राजवट कोसळली, यावरून तांदळाचे महत्त्व लक्षात यावे. भातावर कसाव्याच्या (ज्या कंदापासून साबुदाणा करतात त्याच्या) कुटलेल्या किंवा रताळ्याच्या चिरलेल्या पानांचे, लाल पाम तेलातले तिखटजाळ कालवण असते. उकडलेला कसावा उखळात कुटून केलेला ‘डंबॉय’ मात्र चावायचा नसतो; त्याचा लहानसा तुकडा तोडून, तिखट सूपमध्ये बुडवून तसाच गिळायचा असतो. मासे, कोंबडी आणि मांस एकाच भांड्यात शिजू शकत असल्यामुळे ज्यांना काही वर्ज्य आहे त्यांनी ते आमंत्रण स्वीकारतानाच नम्रपणे सांगावे. ताट समोर आल्यावर नाकारणे यजमानाला लागते.

गावात गेल्यास पाहुण्यापुढे कोला नावाच्या झाडाचे बी ठेवले जाते. ते कडू लागते, तरीही निदान एक तुकडा उजव्या हाताने घेऊन खावा. उत्तर आणि पश्चिम भागात, पेले, लोमा, गोला, वाई अशा समाजांत, पुरुषांची ‘पोरो’ आणि स्त्रियांची ‘सांदे’ या गुप्त दीक्षासंस्था आहेत. त्यांच्या रानाकडे आपल्या सत्तरीतील देवराईइतक्याच अदबीने पाहावे: आत पाऊल टाकू नये आणि आत काय चालते, हे खोदून विचारू नये. मुखवटाधारी आकृती गावात आली तर परवानगीवाचून छायाचित्र घेऊ नये. मुलींच्या दीक्षेतील जननेंद्रियच्छेदाच्या प्रथेविरुद्ध लायबेरियातील स्त्रियाच लढत आहेत. त्या अन्यायाविषयी बोलायचे झाले तर आधी त्यांचे ऐकावे.

यादवी युद्धाचा विषय आपण होऊन कधीही काढू नये. 1989 ते 2003 या काळात, मध्ये थोडा खंड पडून, दोन युद्धे झाली आणि अंदाजे अडीच लाख माणसे मेली. तुमच्या शेजारच्या मेजावरचा माणूस त्यात कोणत्या बाजूला होता किंवा त्याचे कोण गेले, हे तुम्हांला ठाऊक नसते. त्याने स्वतः सांगितले तर ऐकावे. 2003 साली लेमा बोवी यांच्यासारख्या स्त्रियांच्या पुढाकाराने ख्रिस्ती आणि मुस्लिम बाया पांढरे कपडे घालून मोनरोव्हियातील मासळी बाजाराजवळ शांततेसाठी ठिय्या देऊन बसल्या, त्याविषयी मात्र लोक अभिमानाने बोलतात. ‘तुम्ही अमेरिकेहून आलेल्यांचे वंशज की मूळचे?’ हा प्रश्नही टाळावा. 1847 च्या स्वातंत्र्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षे सत्ता अमेरिकेहून येऊन वसलेल्या मूठभर कृष्णवर्णीयांच्या वंशजांकडे होती आणि तो सल अजून गेलेला नाही.

डिसेंबरात ओळखीचे लोक ‘माय ख्रिसमस ऑन यू’ म्हणतील. ही भेटवस्तूची मागणी असते, तिला भीक समजू नये. थोडी सुटी रक्कम जवळ ठेवावी, नसल्यास हसून पुढचा वायदा करावा.

तेथे कायमचे राहण्याचा विचार असेल तर एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. लायबेरियाच्या राज्यघटनेनुसार नागरिकत्व केवळ कृष्णवर्णीय वंशाच्या व्यक्तींनाच मिळते आणि जमिनीची मालकी नागरिकांनाच. तेथे पिढ्यान् पिढ्या व्यापार करणारी लेबनीज कुटुंबेही याला अपवाद नाहीत. गुलामगिरीतून सुटलेल्यांसाठी वसलेल्या देशाने स्वतःच्या रक्षणासाठी ही तरतूद केली, हे ध्यानात ठेवल्यास ती आपल्या अपमानासाठी आहे, असे वाटणार नाही.

स्थानिक सहकाऱ्याशी तंटा झालाच तर थेट वरिष्ठांकडे तक्रार नेण्यापूर्वी दोघांना मान्य असलेल्या वडीलधाऱ्या माणसाला मध्ये घालावे. गावागावात ‘पलावर हट’ नावाची चारी बाजूंनी उघडी, गवताने शाकारलेली झोपडी असते. तेथे दोन्ही पक्ष आळीपाळीने बोलतात, कोणी कोणाचे बोलणे तोडत नाही, आणि ज्याची चूक ठरते तो सर्वांसमक्ष क्षमा मागतो. समेट झाल्यावर तो विषय पुन्हा काढू नये.