आईच्या अपघाताची भरपाई: इंदूरमधला माझा अनुभव

रामबागेत रस्ता ओलांडताना आईला कारने उडवलं. मांडीचं हाड मोडलं. विमा कंपनीचा माणूस दवाखान्यातच थोडी रक्कम देऊन कागदावर सही मागत होता. आम्ही दिली नाही. उपचार संपेपर्यंत खर्चाचा अंदाजच येत नाही, तोवर कुणीही देऊ नये.

एफआयआरमध्ये गाडीचा नंबर बरोबर आहे ना, हे आधी पाहिलं. त्यावरून एमपरिवहन ॲपवर विम्याची मुदत कळली. मग वकिलांमार्फत मोटार अपघात दावा अधिकरणात मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली अर्ज केला. कायद्यात यासाठी अपघातापासून ६ महिने दिले आहेत. कलम १६४ मध्ये चालकाची चूक सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात, आणि हाड मोडणं गंभीरच धरलं जातं. पण ते स्वीकारलं की १६६ चा दावा संपतो. आमचा खर्च मोठा होता, म्हणून १६६.

सगळ्यात संताप आला तो विमा कंपनीच्या “या तर घरीच असतात, उत्पन्न कुठे बुडालं?” या युक्तिवादाचा. पहाटेपासून घर ओढणारी बाई ती! वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाचा २०२१ चा निकाल दाखवला: गृहिणीच्या कामाचं मोल धरून काल्पनिक उत्पन्न ठरवावं लागतं. शिवाय मदतनीस बाईच्या पगाराच्या पावत्या, फिजिओथेरपीची बिलं, मेडिकल बोर्डाचं अपंगत्व प्रमाणपत्र जोडलं. मूळ बिलं जपा, झेरॉक्सवर भागत नाही.

शेवटी लोक अदालतीत तडजोड झाली. रक्कम आईच्याच खात्यात जमा झाली.